हेलिकॉप्टर भंगारात गेलं, पण त्याच्या स्पेअर पार्टची यादी ठेवणारी सिस्टीम आजही चालते : डिक पिकची गोष्ट

खडकी म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांसमोर कॅन्टोन्मेंट येतं. १८६९ पासूनची अॅम्युनिशन फॅक्टरी, बॉम्बे सॅपर्स, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आणि रणगाड्यांचे सुटे भाग सांभाळणारा सेंट्रल आर्मर्ड फायटिंग व्हेइकल डेपो. सगळा लष्करी कारभार.

आता अशा कुठल्याही डेपोतला सगळ्यात किचकट प्रश्न कोणता? सुट्या भागांचा हिशोब. एका रणगाड्यात हजारो पार्ट असतात. त्यातला एकच बोल्ट चार वेगवेगळ्या गाड्यांना बसतो. एखाद्या पार्टचे दोन जुने नंबर असतात आणि तो तीन रॅकमध्ये विभागून ठेवलेला असतो. स्टोअरकीपर वहीत त्या पार्टची एकच ओळ लिहितो आणि शेजारी स्वल्पविराम देत चारही गाड्यांची नावं टाकतो. माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. जुन्या काळच्या कॉम्प्युटरला मात्र ही चार नावं एका खान्यात बसवता येत नव्हती.

साठ वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या लष्करापुढे आला होता. तो सोडवताना एका प्रोग्रॅमरने जी सिस्टीम उभी केली, ती आजही बँकांमध्ये आणि कंपन्यांमध्ये चालते. त्या प्रोग्रॅमरचं नाव रिचर्ड पिक, म्हणजेच डिक पिक.

हेलिकॉप्टर उडायच्या आधीच यादी तयार

डिक पिकचा जन्म १९३८ सालचा. १९६५ मध्ये तो टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत प्रोग्रॅमर होता. त्याच काळात अमेरिकी लष्कराने लॉकहीड कंपनीला चेयेन नावाचं लढाऊ हेलिकॉप्टर बनवायचं काम दिलं होतं. या हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांची नोंद ठेवणारी सिस्टीम टीआरडब्ल्यूमध्ये तयार होत होती.

सिस्टीमचा आराखडा डॉन नेल्सन याचा होता. तो आराखडा प्रत्यक्ष कोडमध्ये उतरवण्याची जबाबदारी डिक पिककडे होती. मशीन होतं आयबीएमचं सिस्टीम ३६०. सिस्टीमचं पूर्ण नाव जनरलाइझ्ड इन्फर्मेशन रिट्रीव्हल लँग्वेज सिस्टीम आणि त्याचं आद्याक्षरांतून झालेलं लघुरूप होतं गर्ल्स. तेव्हाच्या इंजिनिअरांच्या विनोदाची पातळी त्यावरून कळते.

तो जमाना पंचकार्डचा होता. एका कार्डावर ८० खाने. नावाला २० खाने ठरवले की २० च. नाव त्याहून मोठं असेल तर कापायचं, छोटं असेल तर उरलेली जागा वाया. एका पार्टला चार गाड्या जोडायच्या असतील तर चार कार्डं, नाहीतर चार रकाने आधीच सोडून ठेवायचे.

नेल्सन आणि पिक यांनी वेगळा रस्ता धरला. रकान्यांची लांबी त्यांनी ठरवलीच नाही. माहिती जेवढी असेल तेवढी लिहायची आणि दोन गोष्टींच्या मध्ये एक खूण टाकायची. वहीतला स्वल्पविराम जे काम करतो, तेच काम ही खूण करणार.

चेयेनने पहिलं उड्डाण १९६७ मध्ये केलं. दहा प्रोटोटाइप बनले, पण अपघात आणि वाढता खर्च यामुळे लष्कराने १९७२ मध्ये हा प्रकल्पच गुंडाळला. हेलिकॉप्टर कधीच लढाईवर गेलं नाही. त्याच्या पार्टची यादी ठेवायला बनवलेलं सॉफ्टवेअर मात्र मागे राहिलं. सरकारी पैशातून झालेलं काम असल्याने ते कुणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद झालं नाही. डिक पिकने ते उचललं आणि पुढे नेलं.

छोट्या मशीनवर मोठा डाव

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या मायक्रोडेटा या कंपनीसाठी पिकने ही सिस्टीम नव्याने बांधली. यावेळी मशीन होतं मिनीकॉम्प्युटर. नाव मिनी असलं तरी आकार कपाटाएवढा आणि मेमरी आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोलाही पुरणार नाही इतकी.

पिकची खरी करामत इथे दिसली. त्याने डिस्कचे छोटे छोटे समान तुकडे केले. त्यांना फ्रेम म्हणतात. लागेल ती फ्रेम मेमरीत आणायची, काम झालं की परत डिस्कवर ठेवायची. ही ने-आण मशीन स्वतःच करायचं. वापरणाऱ्याला वाटायचं की सगळी डिस्क म्हणजे मेमरीच आहे. यालाच व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. ही सोय तोवर मोठ्या आणि महागड्या मशीनची मक्तेदारी मानली जायची.

१९७३ मध्ये मायक्रोडेटाने ही सिस्टीम बाजारात आणली. नाव दिलं रिअॅलिटी. यात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंगची भाषा हे सगळं एकाच गाठोड्यात होतं. प्रोग्रॅम लिहायला बेसिक भाषेची वाढवलेली आवृत्ती होती. माहिती विचारण्यासाठी वेगळी भाषा होती आणि तिचं नावच इंग्लिश ठेवलं होतं. दहापेक्षा कमी शिल्लक असलेले पार्ट हवे असतील, तर क्लार्क जवळपास साध्या वाक्यासारखी आज्ञा टाइप करायचा आणि यादी छापून यायची. प्रोग्रॅमर बोलवायची गरज नव्हती.

गिऱ्हाईक कोण होते? गाड्यांचे डीलर, घाऊक व्यापारी, हॉस्पिटलं, लायब्ररी. कॉम्प्युटरचा वेगळा विभाग परवडत नाही अशी मंडळी. त्यांच्या वहीसारखंच वागणारं मशीन त्यांना मिळालं होतं.

एका खान्यात अनेक किमती

या पद्धतीला मल्टिव्हॅल्यू म्हणतात. एका नोंदीत अनेक रकाने, एका रकान्यात अनेक किमती आणि एका किमतीत अनेक उपकिमती. तीन पातळ्या, तीन खुणा. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला एक आकडा देतो. त्यातले २५४, २५३ आणि २५२ हे आकडे या तीन खुणांसाठी राखून ठेवले गेले.

पण याच सुमारास आयबीएममध्ये एडगर कॉड नावाचा शास्त्रज्ञ बरोबर उलटं सांगत होता. १९७० च्या त्याच्या प्रसिद्ध शोधनिबंधातून रिलेशनल डेटाबेस जन्माला आला. त्याचा पहिला नियम असा की एका खान्यात एकच किंमत. चार गाड्या असतील तर त्यांचा वेगळा तक्ता करा आणि दोन तक्ते जोडा. जगाने कॉडचं ऐकलं. त्याला १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कॉलेजांमध्ये त्याचीच पद्धत शिकवली जाऊ लागली आणि पिकची पद्धत अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिली.

ती बाजारात मात्र टिकली. कारण एकच, सोपेपणा. फक्त या सोपेपणाची एक किंमत होती आणि ती क्लार्कला दिसत नव्हती. ती मोजावी लागायची फाइल बिघडल्यावर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला.

फाइल नेमकी कुठे बिघडायची?

पिकच्या फाइलमध्ये नोंदी वेगवेगळ्या कप्प्यांत वाटल्या जातात. फाइल बनवतानाच किती कप्पे हवेत ते सांगावं लागतं. त्या आकड्याला मॉड्युलो म्हणतात. नोंदीच्या नंबरला मॉड्युलोने भागलं की जी बाकी उरते, साधारण तो त्या नोंदीचा कप्पा. त्यामुळे लाखभर नोंदींतून हवी ती एका झटक्यात सापडते.

आता समजा कप्पे १० ठेवले आणि पार्टचे नंबर १०००, १०१०, १०२० असे आहेत. दहाने भागलं की प्रत्येकाची बाकी शून्य. सगळ्या नोंदी एकाच कप्प्यात आणि बाकीचे नऊ रिकामे. कप्पा भरला की सिस्टीम त्याला जादाच्या फ्रेम जोडत जाते, मग एक नोंद शोधायला सगळी रांग चाळावी लागते. तेच कप्पे ११ ठेवले तर बाकी १०, ९, ८ अशी येते आणि नोंदी पसरतात. म्हणून मॉड्युलो शक्यतो मूळ संख्या ठेवायचा आणि धंदा वाढला की फाइलचं माप पुन्हा घ्यायचं. सिस्टीम हळू झाली म्हणून मालक नवं मशीन घ्यायला निघायचा आणि दुरुस्ती करणारा नुसता हा आकडा बदलून काम भागवायचा.

दुसरा बिघाड जास्त भयंकर. कप्प्यात नोंदी एकामागोमाग एक ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या आधी तिची लांबी लिहिलेली असते. ती लांबी वाचूनच पुढची नोंद कुठे सुरू होते ते कळतं. पण फ्रेम मेमरीतून डिस्कवर जायच्या आधीच वीज गेली तर? अर्धी माहिती नवी, अर्धी जुनी. लांबी सांगते एक आणि प्रत्यक्षात असतं भलतंच. मशीनला पुढची नोंदच सापडत नाही. याला ग्रुप फॉरमॅट एरर म्हणतात. जीएफई ही तीन अक्षरं स्क्रीनवर आली की पिकवर काम करणाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा.

अशा वेळी पहिला नियम म्हणजे घाई करायची नाही. सगळ्यांना सिस्टीममधून बाहेर काढायचं. आहे त्या अवस्थेची कॉपी घ्यायची. मग बिघडलेला कप्पा उघडून एकेक अक्षर बघत शेवटची धड नोंद शोधायची आणि तिथे शेवटाची खूण टाकायची. त्यापुढच्या नोंदी गेल्या, त्या आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून आणायच्या. बॅकअप नसेल तर कागदी बिलं काढायची आणि पुन्हा टाइप करायची. रोजचा बॅकअप ही शिस्त पिकच्या लोकांमध्ये इतकी मुरली, त्यामागे हे अनुभव होते.

प्रोग्रॅम बरोबर, तरी हिशोब चूक

फाइल धड असूनही गडबड व्हायची. दोन क्लार्क एकाच वेळी एकाच पार्टची नोंद उघडतात. शिल्लक ४०. पहिला ५ नग देतो आणि ३५ लिहितो. दुसऱ्याच्या स्क्रीनवर अजून ४० च आहे. तो १० देतो आणि ३० लिहितो. रॅकमध्ये खरे उरले २५, मशीन सांगतं ३०. कुठेही एरर येत नाही. पाच नग मात्र हवेत विरले.

यावर उपाय पिकच्या भाषेतच होता. नोंद नुसती वाचायची नाही, कुलूप लावून वाचायची. रीड या आज्ञेऐवजी रीडयू. मग पहिल्याचं लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो. पण कुलूप लावून पहिला क्लार्क जेवायला गेला तर दुसऱ्याची स्क्रीन तशीच गोठलेली. म्हणून कुलूप शेवटच्या क्षणी लावायचं आणि लगेच काढायचं, हा दुसरा धडा.

तिसरी चूक एका छोट्या शब्दाची. प्रोग्रॅममध्ये नोंद वाचताना ती सापडली नाही तर काय करायचं, हे एल्स या शब्दापुढे लिहितात. घाईत प्रोग्रॅमर ती जागा नावापुरती भरायचा. जुन्या अनेक आवृत्त्यांत नोंद सापडली नाही तर मेमरीत आधीच्या गिऱ्हाइकाचीच माहिती तशी पडून राहायची. पुढची आज्ञा ती नव्या गिऱ्हाइकाच्या नावाने लिहून टाकायची. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर.

चौथी चूक तर मल्टिव्हॅल्यूच्या पोटातच आहे. बिलाच्या एका रकान्यात तीन पार्टचे नंबर, शेजारच्या रकान्यात तीन नग. पहिला नंबर पहिल्या नगाचा, दुसरा दुसऱ्याचा. आता मधला पार्ट रद्द झाला आणि प्रोग्रॅमने तो नंबरांच्या रकान्यातून काढला, पण नगांच्या रकान्यातून काढायचा राहिला. तिसऱ्या पार्टला दुसऱ्याचे नग चिकटले. कॉडच्या पद्धतीत पार्ट आणि नग एकाच ओळीत असल्याने दोन्ही एकत्रच जातात. पिकच्या पद्धतीत ही काळजी माणसाने घ्यायची.

आणि ते राखून ठेवलेले आकडे? युरोपात वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित संचात २५२ हा आकडा जर्मन भाषेतल्या दोन टिंबांच्या यू या अक्षराचा आहे. मुलर हे साधं आडनाव त्या अक्षरासकट फाइलमध्ये गेलं की मशीनला ती उपकिमतीची खूण वाटणार आणि नावाचे दोन तुकडे होणार.

एकाची सिस्टीम, शंभर नावं

पिक आणि मायक्रोडेटा यांचं फार काळ जमलं नाही. सिस्टीम कुणाची, हा वाद कोर्टात गेला. शेवटी दोघांनाही ती विकायचा हक्क राहिला. पुढे मॅक्डॉनेल डग्लस या विमान बनवणाऱ्या कंपनीने मायक्रोडेटा विकत घेतली. हेलिकॉप्टरसाठी जन्मलेली सिस्टीम फिरून विमानवाल्यांकडे आली.

पिकने स्वतःची कंपनी काढली. ती पिक सिस्टीम्स म्हणून ओळखली गेली. त्याने वेगळी वाट निवडली. स्वतः मशीन बनवायचं नाही, सिस्टीमचं लायसन्स मशीन बनवणाऱ्यांना द्यायचं. अल्टिमेट, जनरल ऑटोमेशन अशा कितीतरी कंपन्यांनी ते घेतलं. प्राइमसारख्या कंपन्यांनी त्याच धर्तीवर आपली सिस्टीम आणली. पीसी आल्यावर रेव्हलेशन आलं. ऐंशीच्या दशकात युनिक्सला टक्कर देणारी सिस्टीम म्हणून पिकची चर्चा व्हायची.

पण प्रत्येक कंपनीने आपापलं नाव दिलं आणि आपापले बदल केले. प्रश्न विचारायची तीच भाषा कुठे इंग्लिश, कुठे अॅक्सेस, कुठे रिकॉल, कुठे इन्फॉर्म. एका ठिकाणी चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणी किरकोळ फरकाने अडायचा. पिकचं नाव जगभर पोचलं, पण एकसंध बाजार कधी झाला नाही. तोवर कॉडच्या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या ओरॅकलसारख्या कंपन्या पुढे निघून गेल्या.

ऑक्टोबर १९९४ मध्ये स्ट्रोकनंतरच्या गुंतागुंतीमुळे डिक पिकचा मृत्यू झाला. वय साठीच्याही आत होतं.

दिवस क्रमांक १००००

पिकच्या सिस्टीममध्ये तारीख हा एक साधा आकडा असतो. ३१ डिसेंबर १९६७ म्हणजे शून्य. १ जानेवारी १९६८ म्हणजे एक. तिथून एकेक दिवस मोजत जायचं. यामुळे दोन तारखांमधलं अंतर काढायला नुसती वजाबाकी पुरते. २००० साली जग वर्षाच्या दोन अंकांमुळे घाबरलं होतं, तेव्हा पिकच्या फाइलमध्ये १ जानेवारी २००० हा नुसता ११६८९ वा दिवस होता.

पण या पद्धतीतही एक खड्डा होता. १८ मे १९९५ रोजी दिवसांचा आकडा ९९९९ वरून १०००० वर गेला. ज्या प्रोग्रॅमरने तारखेला चारच अंक धरले होते किंवा तारखा आकडा म्हणून न लावता अक्षरं म्हणून लावल्या होत्या, त्याच्या यादीत नवा दिवस जुन्याच्या आधी येणार होता. कारण अक्षरं म्हणून बघितलं तर एक हा नऊच्या आधी येतो. पिक जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. हे खड्डे त्याच्या मागे राहिलेल्यांनी बुजवले.

आणि सिस्टीम? ती अजून चालू आहे. तिच्या युनिव्हर्स आणि युनिडेटा या दोन शाखा फिरत फिरत आयबीएमकडे गेल्या आणि २००९ मध्ये रॉकेट सॉफ्टवेअरने घेतल्या. पिकच्या स्वतःच्या कंपनीतून आलेली डी३ ही शाखाही पुढे तिथेच पोचली. या रॉकेटचं एक ऑफिस पुण्यातही आहे. जगभरातल्या बँका वापरतात ते टेमेनॉसचं टी२४ हे सॉफ्टवेअर वाढलं ते जेबेस या पिकच्याच घराण्यातल्या डेटाबेसवर. शिवाय २००९ मध्ये आलेल्या मोंगोडीबीसारख्या नव्या डेटाबेसमध्ये एका नोंदीत अख्खी यादी ठेवता येते, ते आज आधुनिक समजलं जातं. पिकच्या लोकांना त्यात नवं काही वाटत नाही.

खडकीतला असो की कॅलिफोर्नियातला, स्टोअरकीपर ज्या पद्धतीने वहीत लिहितो तसंच मशीनने लिहावं, एवढाच पिकचा आग्रह होता. तो त्याने खरा करून दाखवला. ही वही इतकी वर्षं टिकली, त्यात मात्र वाटा त्याच्या एकट्याचा नाही. रोज रात्री बॅकअप घेणारे, कुलूप लावूनच नोंद उघडणारे आणि बिघडलेला कप्पा अक्षर अक्षर वाचून दुरुस्त करणारे हजारो लोक त्यात आहेत. त्यांची नावं कुठल्याच सिस्टीमला दिली गेली नाहीत.